जंगलात गाड्या किती सोडाव्या? हिवाळी सहलीच्या निमित्ताने



दिवाळीची सुटी संपली की आमच्या टेबलावर दोन प्रकारचे कागद जमू लागतात. एक सहामाहीच्या गुणपत्रिका आणि दुसरे हिवाळी सहलीसंबंधी पालकांच्या चिठ्ठ्या. या वेळी चिठ्ठ्या अंमळ जास्तच आहेत, आणि त्याचे कारण आम्हीच आहोत. कान्हाच्या सहलीला एका तुकडीत तीसच विद्यार्थी नेऊ आणि सफारीत कुणाहीजवळ मोबाइल असणार नाही, अशी सूचना आम्ही फळ्यावर लावली. त्यावर काही पालकांनी विचारले की मांडू-महेश्वरला चार बसगाड्या भरून मुले जातात, मग जंगलालाच ही कंजुषी का? कुणी विचारले की फोटोच काढायचे नाहीत तर जायचे कशाला? आणि एका पालकांनी सरळ लिहिले, "सर, वाघ नक्की दिसणार असेल तरच पैसे भरतो."

विश्वस्तांच्या बैठकीतही विषय निघाला. एक ज्येष्ठ सदस्य आपुलकीने म्हणाले की वीस जिप्सी एकदम ठरवा, आठवीचे सगळे 120 विद्यार्थी एकत्र जातील, भाड्यातही सूट मिळेल. तेवढ्यात चहा-कचोरी आली आणि आमचे उत्तर अर्धवट राहिले. ते येथे पूर्ण करीत आहोत.

प्रथम आमची स्वतःची एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, आम्ही प्राचार्य नव्हतो, सहलीचे प्रमुख होतो, तेव्हाची गोष्ट. नाताळच्या सुटीत सहावी-सातवीची मुले घेऊन आम्ही मध्य प्रदेशातल्याच एका राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. उद्यानाचे नाव मुद्दाम देत नाही. पहिल्या फेरीत वाघ दिसला नाही. मुलांचे चेहरे उतरले आणि आम्हालाही वाटले की आता इंदूरला जाऊन काय तोंड दाखवायचे! म्हणून दुसऱ्या फेरीच्या आधी आम्ही चालकांना सांगितले, "टायगर दिखा दो, भैया, इनाम मिलेगा." बस, एवढे एकच वाक्य. पण त्या दिवशी आमच्या गाड्या ज्या वेगाने पळाल्या, तो आम्हाला आजही आठवतो. एका वळणावर वाघीण रस्त्याच्या कडेला गवतात उभी होती. पाहता पाहता पुढे-मागे वीस-बावीस गाड्या लागल्या. धूळ, पेट्रोलचा वास, "इधर, इधर" असा गलका. दिवाळीच्या आदल्या दिवशी राजवाड्यावर असते तशी स्थिती. वाघीण दोन पावले पुढे यायची, थांबायची, परत मागे जायची. आमच्या गाडीतल्या सहावीच्या एका मुलीने विचारले, "सर, तिला पलीकडे जायचंय ना? मग आपण रस्त्यात का उभे आहोत?"

आम्ही उत्तर दिले नाही. चालकांना इनाम मात्र दिले. परतल्यावर सगळ्यांनी आमचे अभिनंदन केले, कारण वाघ "इतक्या जवळून" दिसला होता.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर एकट्या शिक्षकाला देता येत नाही, कारण प्रत्येक गाडीला वाटते की आपण एकच तर आहोत. हे ठरवावे लागते कायद्याने आणि गणिताने. आणि ही अडचण फक्त आपल्याकडचीच आहे असेही नाही. ज्या देशाने जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन केले, त्या अमेरिकेत याच प्रश्नावर पंधरा-सोळा वर्षे कोर्टबाजी चालली. ती हकीकत हिवाळ्याचीच आहे, म्हणून आधी ती सांगतो.

यलोस्टोन हे उद्यान 1872 साली स्थापन झाले. तेथे हिवाळ्यात इतका बर्फ पडतो की बहुतेक रस्ते मोटारींना बंद होतात. पूर्वी हिवाळा म्हणजे उद्यानाला विश्रांतीच होती. मग स्नोमोबाइल आली. स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची स्कूटर समजा. पुढे दोन घसरपट्ट्या असतात, मागे रबरी पट्टा फिरतो आणि वर एक-दोन माणसे बसतात. 1963 साली अशी मोजकी यंत्रे उद्यानात शिरली, तेव्हा कुणाला त्यात वावगे वाटले नाही. पुढे त्यांच्यासाठी बर्फाचे रस्ते दाबून गुळगुळीत करण्यात येऊ लागले आणि 1990 नंतरच्या दशकात गर्दीच्या दिवशी हजारावर यंत्रे आत जाऊ लागली. त्यांची इंजिने जुन्या पद्धतीची टू-स्ट्रोक होती. आमच्या पिढीने राजदूत मोटारसायकल पाहिली आहे. तिच्यात पेट्रोलबरोबर तेलही जळे, निळा धूर निघे आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. अशा हजार राजदूत गोठलेल्या, वारा नसलेल्या दरीत सकाळी एकदम सुरू झाल्या तर काय होईल? 2002 च्या हिवाळ्यात उद्यानाच्या पश्चिम दरवाजावर तिकिटे देणाऱ्या रेंजरांनी तोंडावर गॅसचे मुखवटे लावले होते. ज्या ठिकाणी लोक शुद्ध हवा खायला जातात, त्या ठिकाणच्या दरवाजावर!

धुराहून मोठा प्रश्न जनावरांचा होता. हिवाळ्यात तेथील बायसन, म्हणजे अमेरिकेचे रानगवे, डोके हलवून बर्फ बाजूला सारतात आणि खालचे वाळके गवत खातात. त्यात पोषण बेताचे असते. म्हणून कमीत कमी हालचाल करून अंगावरच्या चरबीवर वसंतापर्यंत दिवस काढायचे, ही त्यांची रीत. अशा जनावराला यंत्राने दिवसातून चार वेळा पळवले, तर पळण्यात गेलेली शक्ती ते भरून कोठून काढणार? 1996-97 चा हिवाळा फार कडक होता. त्या वर्षी अन्नाच्या शोधात कळप उद्यानाबाहेर पडले आणि पाळीव गुरांना रोग लागेल या भीतीने हजारावर बायसन मारले गेले. यंत्रांसाठी दाबलेल्या रस्त्यांवरूनच ते सहज बाहेर आले, असा आरोप करून 1997 मध्ये प्राणिप्रेमी संस्थेने खटला भरला. नंतर अभ्यासकांत या मुद्द्यावर मतभेद झाले, पण प्रश्न न्यायालयात गेला तो गेलाच.

पुढचा इतिहास गमतीचा आहे. 2000 साली सरकारने ठरवले की स्नोमोबाइल हळूहळू बंद करायच्या. सरकार बदलले, निर्णय फिरला. डिसेंबर 2003 मध्ये एका न्यायालयाने बंदी परत आणली आणि दोनच महिन्यांनी दुसऱ्या न्यायालयाने ती उठवली. मग रोज 720 यंत्रांची मर्यादा झाली, 2009 च्या हिवाळ्यापासून 318 ची. शेवटी 2013 साली जो नियम झाला, तो आमच्या मते फार शहाणपणाचा आहे. त्यांनी यंत्रे मोजणे सोडले आणि त्रास मोजायला सुरुवात केली. म्हणजे असे की सात स्नोमोबाइल एका वाटाड्यामागे रांगेने गेल्या, तर जनावराला एकदाच दचकावे लागते. त्याच सात सुट्या गेल्या, तर सात वेळा. म्हणून एक गट किंवा एक मोठी बर्फावरची बस ही "एक फेरी" धरली आणि साऱ्या उद्यानात दिवसाला अशा 110 फेऱ्यांची मर्यादा घातली. त्यांतल्या निम्म्याहून कमी स्नोमोबाइलच्या असू शकतात. एका गटात दहापेक्षा जास्त यंत्रे नाहीत आणि हंगामाची सरासरी सात. बरोबर वाटाड्या हवा आणि यंत्र कमी धुराचे, कमी आवाजाचे हवे. थोडे लोक आपल्या यंत्रांनीही जाऊ शकतात, पण त्यांचेही गट लहान आणि मोजके. मजा बंद झाली नाही, नुसता गोंधळ बंद झाला.

आपल्या देशात बर्फावरच्या वाहनांचा प्रश्न आला तो मनालीकडे. आपल्यातली कितीतरी कुटुंबे तेथे जाऊन आली असतील. रोहतांग खिंडीत गाड्यांच्या काजळीने बर्फ काळवंडतो, आणि काळा बर्फ ऊन जास्त शोषून लवकर वितळतो. म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 मध्ये तेथे दिवसाला 1,000 पर्यटक वाहनांची, 600 पेट्रोल आणि 400 डिझेल, अशी मर्यादा घातली आणि स्नो-स्कूटरसारख्या धंद्यांनाही लगाम लावला.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे बर्फ नाही, पण हिवाळ्यात मध्य प्रदेशातील राष्ट्रीय उद्यानांच्या दरवाजावर सकाळी साडेपाचला उभे राहून पाहा. कान्हाच्या मैदानांवर जानेवारीत दहिवर गोठते. हिंदीत आम्ही त्याला पाला म्हणत आलो. उघड्या जिप्सीत घोंगड्या पांघरून, कानटोप्या घालून माणसे बसलेली असतात. स्नोमोबाइलच्या जागी जिप्सी आहे, एवढाच फरक. प्रश्न तोच, की किती, कुठे, कधी आणि किती अंतरावरून?

या प्रश्नाचे आपल्या देशातले उत्तर बऱ्याच अंशी आपल्या राज्यातून निघाले, हे थोड्या जणांना माहीत आहे. 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आपला कान्हा होता, तसेच महाराष्ट्राचा मेळघाटही होता. 2006 मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आले. त्या कायद्याने सांगितले की वाघाचे गाभा क्षेत्र "अबाधित" राहिले पाहिजे आणि भोवती बफर क्षेत्र हवे. अबाधित म्हणजे माणसांचा वावर नको. या तत्त्वासाठी कान्हासारख्या जंगलांतून बैगा आणि गोंड लोकांची गावेच्या गावे बाहेर हलवण्यात आली. कान्हात तर हे काम कायद्याच्याही आधी, 1970 च्या सुमारासच सुरू झाले होते. मग भोपाळचे अजय दुबे यांनी न्यायालयात प्रश्न विचारला की पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस गाभ्यात नको, तर पर्यटकाची गाडी कशी चालते? आम्हाला वाटते, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. जो पालक म्हणतो की आम्ही पैसे भरले आहेत, त्याने एकदा त्या बैग्याच्या जागी स्वतःला उभे करून पाहावे.

24 जुलै 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातील पर्यटन तात्पुरते बंद केले. आमच्या चांगले लक्षात आहे, कारण त्या वर्षीच्या हिवाळी सहलीची आगाऊ रक्कम जमा झाली होती आणि पालक रोज विचारत होते. ऑक्टोबरमध्ये प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि 16 ऑक्टोबर 2012 ला न्यायालयाने त्या तत्त्वांप्रमाणे पर्यटन पुन्हा सुरू करू दिले. सहल झाली, पण नियम कायमचे बदलले.

ते नियम विद्यार्थ्यांनी समजून घ्यावेत. गाभा क्षेत्राच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त भाग पर्यटनाला वापरायचा नाही. कान्हा राष्ट्रीय उद्यान सुमारे 940 चौरस किलोमीटर आहे. त्याचे 20 टक्के किती, हे सहावीच्या मुलांनी काढून पाहावे. उरलेल्या भागात वाघाला गाडीचा आवाजही ऐकू येऊ नये, ही कल्पना. गाभ्यात पर्यटनासाठी नवे बांधकाम नाही. वन्य प्राण्यापासून गाडी निदान 20 मीटर दूर हवी. 20 मीटर म्हणजे किती? क्रिकेटची खेळपट्टी, एका यष्टीपासून दुसऱ्या यष्टीपर्यंत. गोलंदाजाच्या जागी गाडी आणि फलंदाजाच्या जागी वाघ, असे समजा. यलोस्टोनमध्ये बायसनपासून 25 यार्ड आणि अस्वल-लांडग्यांपासून 100 यार्ड दूर राहावे लागते, म्हणजे आपला नियम काही फार कडक नाही. प्राण्याला घेरणे, आमिष दाखवणे, खाऊ घालणे पूर्ण बंद. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाने आपली धारणक्षमता काढायची व तेवढ्याच गाड्या सोडायच्या. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेथे 'वहन क्षमता' असा शब्द भेटला होता. मराठीत कुणी वहनक्षमता म्हणतात, कुणी धारणक्षमता. अर्थ एकच, की भांडे किती धरते?)

हे गणित मोठे रोचक आहे, म्हणून एक काल्पनिक उदाहरण करून दाखवतो. समजा, एका उद्यानात पर्यटनाचा रस्ता 60 किलोमीटर आहे. धूळ मागच्या गाडीच्या नाका-तोंडात जाऊ नये आणि गाड्यांची वरात होऊ नये म्हणून दोन गाड्यांत 500 मीटर अंतर धरू. म्हणजे एका किलोमीटरला दोन गाड्या, 60 ला 120. सकाळ आणि दुपार अशा दोन फेऱ्या, तर दिवसाला 240. आपल्या शाळेच्या 120 मुलांना 20 जिप्सी लागतील, 240 त तर सहज बसतात! पण थांबा. हा आकडा नुसत्या रस्त्याचा आहे, जंगलाचा नाही.

आता कात्री लावायची. 60 पैकी 20 किलोमीटर रस्ता उतारावर आहे, चाकांनी माती सुटते, पावसात वाहून जाते. तो वगळा. 240 चे दोन-तृतीयांश 160 राहिले. वर्षातून तीन महिने पावसाळ्यात उद्यान बंद असते. तोही भाग वजा केला की 120. मग पाहायचे की जनावरांच्या वीणकाळात, पिलांच्या काळात, पाणवठ्यांजवळ त्रास किती होतो. समजा त्यासाठी निम्मे वगळले, तर 60. आणि शेवटी विचारायचे की देखरेखीला माणसे किती आहेत? वनरक्षक, गाइड, दरवाजावरचे कर्मचारी गरजेच्या 40 टक्केच असतील, तर 60 चे 40 टक्के, म्हणजे 24. सुरुवात 240 पासून झाली होती, हाती आले 24. या पायऱ्या मार्गदर्शक तत्त्वांतल्या आहेत, आकडे मात्र आमचे, समजावण्यापुरते. गणिताच्या सरांनी आठवीच्या वर्गात हे उदाहरण आकडे बदलून करून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

यावरून विश्वस्तांच्या सूचनेचे उत्तर मिळते. अशा उद्यानाच्या एका दिवसाच्या 24 गाड्यांपैकी 20 आपणच घेतल्या, तर बाकी देशाने काय करायचे? आणि एकाच शाळेच्या वीस गाड्या एकामागोमाग निघाल्या की गाइडने कितीही सांगितले तरी वरातच होणार. शिवाय तिकिटे आता काही महिने आधी ऑनलाइन घ्यावी लागतात. प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्र आधी द्यावे लागते. एका जिप्सीत सहा प्रवासी, शिवाय चालक आणि गाइड. आयत्या वेळी एकाला ताप आला तर त्याच्या जागी शेजारच्या बाळूला नेता येत नाही. हे सारे सांभाळून सहा जिप्सी, म्हणजे तीस मुले आणि सहा शिक्षक, एवढेच आम्हाला झेपते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मुले म्हणतील की प्राचार्यांनी एकच बाजू सांगितली. पर्यटकांमुळे वाघ संपतो असे आकडे म्हणत नाहीत. 2022 च्या गणनेत आपल्या राज्यात 785 वाघ मोजले गेले. देशात हा आकडा सर्वांत मोठा, महाराष्ट्रात तेव्हा 444 होते. पेंचची "कॉलरवाली" वाघीण पर्यटकांच्या डोळ्यांदेखत वाढली, तिने आठ वेळा मिळून 29 बछड्यांना जन्म दिला आणि जानेवारी 2022 मध्ये म्हातारी होऊन गेली, तेव्हा गावकऱ्यांनी तिला फुले वाहिली. गाड्या जेथे फिरतात तेथे चोरटा शिकारी सहसा फिरकत नाही, हेही खरे. आणि गाइड, चालक, खानसामे, न्हावी, किराणावाले, किती घरे या जंगलावर चालतात! पर्यटन एकदम बंद करा म्हणणाऱ्यांनी त्यांच्या चुलीचाही विचार करावा.

पण वाघ मरत नाही म्हणजे त्याला त्रास होत नाही, असे नव्हे. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या, म्हणजे सीसीएमबीच्या, शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगड येथील वाघांची विष्ठा गोळा करून तपासली. वाघाला हात न लावता त्याच्या मनावरचा ताण कळतो, कारण ताण वाढला की अंगात विशिष्ट संप्रेरके वाढतात आणि त्यांचा अंश विष्ठेत उतरतो. 2019 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पर्यटनाच्या काळात ताण उद्यान बंद असतानापेक्षा जास्त आढळला आणि गाड्यांच्या संख्येशी त्याचा संबंध दिसला. सतत ताण राहिला तर प्रजननावर परिणाम होऊ शकतो, ही शास्त्रज्ञांची काळजी आहे. बाहेरून शांत दिसणारा विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री आतून कसा असतो, हे शिक्षकांना सांगायला नको.

मोबाइलबद्दल. जंगलात मोबाइल म्हणजे नुसता कॅमेरा नाही. एकाला वाघ दिसला की तो दुसऱ्याला कळवतो, आणि पाच मिनिटांत साऱ्या गाड्या एका जागी. 31 डिसेंबर 2024 रोजी महाराष्ट्रात, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगावजवळ एक वाघीण आणि तिची पाच पिल्ले रस्त्यावर असताना दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या गाड्या लागल्या आणि त्यांची वाट अडली. चित्रफिती सगळीकडे फिरल्या, चालक आणि गाइड यांच्यावर कारवाई झाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ती बातमी वाचून आम्हाला आमच्या सहावीच्या विद्यार्थिनीची आठवण झाली. फरक इतकाच की आमच्या वेळी चित्रफीत काढायला कुणाजवळ काही नव्हते, म्हणून आम्ही वाचलो. पुढे नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बेटसंबंधीच्या निकालात गाभा क्षेत्राच्या पर्यटन भागात मोबाइल वापरण्यास मनाई केली आणि रात्रीच्या पर्यटनालाही. त्यानंतर आपल्या राज्यातल्या रात्रीच्या सफारी थांबवण्यात आल्या. तेव्हा मोबाइलचा निर्णय शाळेचा नाही. शाळेने फक्त तो आनंदाने स्वीकारला आहे.

राहिला वाघ दिसण्याचा प्रश्न. हमी नाही. पूर्वी कान्हा-बांधवगडला वन विभागाचे हत्ती वाघ शोधून त्याला थोपवून धरत आणि पर्यटकांना टोकन देऊन हत्तीवरून नेऊन दाखवत. त्याला 'टायगर शो' म्हणत. तो प्रकार बंद झाला, ते बरेच झाले. कान्हाला हिवाळ्यात जाऊन जो फक्त वाघ शोधतो, तो बारासिंगा पाहायला विसरतो. कठीण जमिनीवर राहणाऱ्या बारासिंग्याचे हे एकमेव घर राहिले होते आणि 1970 मध्ये तेथे फक्त 66 जनावरे मोजली गेली होती. आज कळपच्या कळप दिसतात, इतके की 2015 पासून काही सातपुडा व्याघ्र प्रकल्पात पाठवण्यात आले. नाताळच्या दिवसांत त्यांचा माजाचा काळ असतो. नर शिंगांवर ओले गवत गुंडाळून मिरवतात आणि धुक्यात त्यांची हाक घुमते. मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखे दिसतात, असे मागच्या तुकडीतील एका मुलाने वहीत लिहिले होते. आम्ही त्याला पूर्ण गुण दिले.

आता ठरवलेली व्यवस्था सांगतो. आठवीचे सर्व विद्यार्थी एका वर्षी कान्हाला जाणार नाहीत. तीस-तीसच्या दोन तुकड्या, एक डिसेंबरात आणि एक जानेवारीत, नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळून. निवड गुणांवर नाही, चिठ्ठ्या टाकून होईल. उरलेल्यांना नववीत प्राधान्य. जबलपूरपर्यंत ओव्हरनाइट एक्स्प्रेस, पुढे बस. प्रत्येक तुकडीला गाभ्यात एकच सफारी, सकाळची. दुसरा दिवस बफर क्षेत्रात पायी हिंडणे, पक्षी ओळखणे आणि जंगलाबाहेर हलवलेल्या एका वस्तीतील वडीलधाऱ्यांशी, त्यांची इच्छा असेल तर, गप्पा. बुधवारी दुपारी उद्यान बंद असते, म्हणून परतीचा प्रवास त्या वेळी ठेवला आहे. पाचवी ते सातवीच्या मुलांना शहराजवळच्या राळामंडळ अभयारण्यात पायी नेऊ. डोंगरमाथ्यावर होळकरांची शिकारकोठी आहे, तेथे बसून डबे खायचे.

ज्या पालकांनी लिहिले की वाघ दिसणार असेल तरच पैसे भरतो, त्यांच्या मुलाचे नाव आम्ही चिठ्ठ्यांत घातले आहे. त्याने स्वतः येऊन सांगितले की सर, बाबांचं मनावर घेऊ नका, मला बारासिंगा पण चालेल.

चालकांना आणि गाइडना शाळेतर्फे बक्षीस दिले जाईल, पण ते फेरी सुरू होण्याआधी, सगळ्यांना सारखे, आणि वाघाचे नाव न काढता. स्वेटर, कानटोपी, हातमोजे, दुर्बीण असल्यास दुर्बीण, आणि भडक रंगाचे कपडे नकोत. संमतिपत्रे व ओळखपत्राच्या प्रती येत्या शनिवारपर्यंत कार्यालयात द्याव्यात. नाव ओळखपत्रावर आहे तसेच लिहावे, घरातले लाडके नाव लिहू नये. मागच्या खेपेस दोन "सोनू"ंमुळे दरवाजावर अर्धा तास गेला होता.